डिस्कॉर्डवरचा चार हजार जणांचा समूह विकेंद्रित जागी हलवायचा आहे: कुठे जावं, क्रम काय ठेवावा?

सोल्डरगन

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करणाऱ्यांचा एक समूह सध्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर आहे. सदस्य चार हजारांच्या आसपास, रोज लिहिणारे दोनशे-अडीचशे. चॅनल ६२, त्यांतले निम्मे ओस पडलेले. सहा वर्षांचा मजकूर साठलाय: बोर्डांचे फोटो, सर्किटच्या आकृत्या, कुठल्या मॉडेलमध्ये कुठला कपॅसिटर जातो याची हजारो उत्तरं.

तिथून निघायचं हे पक्कं आहे. एवढं ज्ञान शोधयंत्रांना दिसत नाही, त्यामुळे तोच प्रश्न दर आठवड्याला नव्याने येतो. खातं बंद पडलं तर दाद मागायची सोय जवळपास नाही. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डनेच जाहीर केलं की त्यांच्या एका बाहेरच्या सेवा पुरवठादाराकडून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. वय पडताळणीसाठी सदस्यांना तिथे ओळखपत्र द्यायला सांगणं आता पटत नाही.

प्रश्न तीन. मॅट्रिक्स (गप्पांसाठी), लेमी (रेडिटसारखा चर्चामंच), एक्सएमपीपी (गप्पांचा जुना खुला मार्ग, म्हणजेच जॅबर) या विकेंद्रित, एका कंपनीच्या हातात नसलेल्या पर्यायांतलं काय घ्यावं? जुना मजकूर कसा वाचवायचा? आणि अर्धे लोक वाटेत गळणार नाहीत असा क्रम कोणता? चालवायला तिघं जण आहेत, लिनक्स नीट येणारा त्यातला एकच.

दप्तरदार

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते काम आजच करता येतं आणि बाकीचं चुकलं तरी ते वाया जात नाही. 'आम्ही निघतोय' अशी घोषणा करायच्या आधी उतरवून घ्या. घोषणा झाली की काही जण रागाने किंवा काळजीने आपापले संदेश पुसायला लागतात.

डिस्कॉर्ड अख्ख्या सर्व्हरचा एक्स्पोर्ट देत नाही. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे डिस्कॉर्ड-चॅट-एक्स्पोर्टर. ते बॉटच्या (आपोआप चालणाऱ्या खात्याच्या) टोकनने, म्हणजे लॉगिनच्या किल्लीने, चालवा. स्वतःच्या खात्याचं टोकन घालून ते चालतं, पण ते डिस्कॉर्डच्या अटींच्या विरुद्ध आहे आणि ऐन कामात मुख्य अॅडमिनचं खातं बंद पडायला तेवढं निमित्त पुरतं. बॉट बनवताना डेव्हलपर पोर्टलमध्ये 'मेसेज कंटेंट इंटेंट' हा खटका चालू करा. तो विसरला तर एक्स्पोर्ट विनातक्रार पूर्ण होतो, नावं आणि वेळा सगळ्या असतात, फक्त मजकुराच्या जागा रिकाम्या. बॉटला चॅनल बघण्याची आणि जुने संदेश वाचण्याची परवानगी प्रत्येक चॅनलमध्ये आहे ना, हेही तपासा. खाजगी चॅनल त्याला आपोआप दिसत नाहीत.

पुढचा खड्डा थ्रेडचा, म्हणजे चॅनलमधल्या एखाद्या संदेशाखाली चाललेल्या वेगळ्या चर्चेचा. हे साधन मुळात थ्रेड उतरवत नाही, तो पर्याय वेगळा सांगावा लागतो: एक तर फक्त चालू थ्रेड, नाहीतर सगळे. तुम्ही 'सगळे' घ्या. फोरम प्रकारच्या चॅनलमध्ये प्रत्येक नोंद ही आतून थ्रेडच असते, त्यामुळे हा पर्याय राहिला तर तुमचा प्रश्नोत्तरांचा अख्खा चॅनल शून्य संदेशांची फाइल म्हणून बाहेर पडेल.

तिसरी गोष्ट चित्रांची, आणि तुमच्यासाठी हीच सर्वांत महत्त्वाची. २०२३ च्या अखेरीपासून डिस्कॉर्डवरच्या जोडलेल्या फाइलींचे बाहेरचे दुवे साधारण २४ तासांत मुदतबाह्य होतात. म्हणजे नुसते दुवे असलेला एक्स्पोर्ट दुसऱ्याच दिवशी आंधळा. मीडिया सोबत डाउनलोड करण्याचा पर्याय चालू करा आणि आधी एका छोट्या चॅनलवर चाचणी घ्या. फाइल उघडा, इंटरनेट बंद करा, बोर्डाचा फोटो दिसतो का ते बघा. दिसला तरच पुढे जा.

दोन स्वरूपांत घ्या. जेसन (प्रोग्रामना वाचता येणारं स्वरूप) हे मूळ दप्तर, ते कधीही पुन्हा वापरता येतं. एचटीएमएल लोकांना वाचायला. एचटीएमएल घेताना तुकडे पाडायला सांगा, एका फाइलमध्ये जास्तीत जास्त दहा हजार संदेश. सहा वर्षांचा गजबजलेला चॅनल एकाच पानावर आला की फोनचा ब्राउझर तिथेच मान टाकतो.

शोधासाठी जेसन एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये भरून त्याचं एफटीएस-५ (मजकुरात शोधण्याची सोय) वापरता येईल. पण मजकूर देवनागरीत असेल तर एक नेहमी निसटणारी गोष्ट: त्याचा मूळचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मात्रांना अक्षराचा भाग न मानता शब्द तोडणारी खूण समजतो. त्यामुळे 'तार' शोधली की 'तीर' आणि 'तुरा'ही समोर येतात, कारण त्याच्या लेखी तिन्ही म्हणजे 'त' आणि 'र'. ट्रायग्रॅम (तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणारा) टोकनायझर निवडा, आवृत्ती ३.३४ पासून तो आहे. त्यात तीनपेक्षा कमी चिन्हांचा शोध लागत नाही, पण निकाल बरोबर येतात.

आणि एक आग्रहाने सांगतो: हा सगळा ढिगारा नव्या जागी ओतू नका. लोकांनी ते एका बंद खोलीत बोललं होतं. मॉडरेटरांचे चॅनल, ओळख करून देण्याचे चॅनल, मदत मागताना कुणी घरचा पत्ता टाकलेला असतो ते चॅनल, यांतलं काही जाहीर होता कामा नये. तांत्रिक चॅनल तेवढे स्थिर पानं म्हणून ठेवा, नावं काढायची विनंती कुठे करायची ते प्रत्येक पानावर लिहा. त्यातली निवडक दीडशे-दोनशे उत्तरं हाताने नीट लिहून नव्या जागी टाका. पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला रिकामा वाडा दिसण्यापेक्षा कामाची दोनशे पानं दिसली तर तो थांबतो.

कुंपणाबाहेर

लेमीचा विचार असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण ती माहितीपत्रकात ठळक लिहिलेली नसते.

लेमीवर तुमची कम्युनिटी एका ठरावीक सर्व्हरची असते. बाकीच्या सर्व्हरांवर दिसतात त्या तिच्या प्रती. कुणी कुठूनही लिहिलं तरी ते आधी मूळ सर्व्हरकडे जातं आणि तो ते सगळ्यांना वाटतो. मूळ सर्व्हर बंद पडला की प्रती जागच्या जागी राहतात, त्यांवर लिहिताही येतं, पण वाटणारा कुणी उरत नाही. प्रत्येक सर्व्हरवरचे लोक आपापल्या प्रतीत बोलत राहतात आणि एकमेकांना ऐकू येत नाहीत. पाटी तीच, दुकान बंद. ती कम्युनिटी सदस्यांसकट दुसऱ्या सर्व्हरवर उचलून नेण्याची सोय लेमीत नाही.

हे कागदावरचं भय नाही. रेडिटने १ जुलै २०२३ पासून एपीआयचे (बाहेरच्या अॅपना मजकूर पुरवण्याच्या सोयीचे) दर लावले, त्याआधी जूनमध्ये आठ हजारांहून जास्त सबरेडिट (तिथले विषयवार समूह) निषेध म्हणून बंद राहिले, आणि त्या लाटेत कितीतरी समूह लेमीच्या मोठ्या सर्व्हरांवर गेले. त्यांतला 'लेम डॉट ईई' हा मोठ्या सर्व्हरांपैकी एक जून २०२५ अखेर बंद झाला. चालवणारे थकले होते. त्यांनी रीतसर आगाऊ कळवलं, तरीही तिथल्या प्रत्येक कम्युनिटीला नव्या नावाने नवा डाव मांडावा लागला.

म्हणून लेमी घ्यायचं तर स्वतःच्या डोमेनवर घ्या, दुसऱ्याच्या अंगणात नको. आणि स्वतःचा सर्व्हर नवा असतो तेव्हा तो एकटा असतो. दुसऱ्या सर्व्हरवरच्या किमान एका माणसाने तुमची कम्युनिटी तिथे शोधून तिची सदस्यता घेतल्याशिवाय तुमचं लिखाण तिकडे पोचतच नाही, आणि सदस्यता घेण्याआधीचं जुनं लिखाण जवळजवळ येत नाही. पहिल्या आठवड्यात पाच-सहा मोठ्या सर्व्हरांवर आपल्यातलंच कुणी तरी सदस्य होऊन ठेवा.

डोमेनबद्दलही दोन शब्द. देशाच्या नावाचे फुकट किंवा चमकदार शेवट घेऊ नका. जुलै २०२३ मध्ये मालीचे डॉट एमएल डोमेन परत घेतले गेले तेव्हा लेमीचा एक सर्व्हर रातोरात पत्ता गमावून बसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्विअर डॉट एएफ' हा मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं विकेंद्रित जाळं) सर्व्हर अफगाणिस्तानच्या नोंदणी यंत्रणेने बंद केला. सर्व्हर हरवला तर बॅकअपमधून उभा करता येतो. फेडरेशनमध्ये, म्हणजे सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या जोडणीत, डोमेन ही तुमची ओळख असते, ती गेली की बॅकअप असूनही तुम्ही जगाच्या लेखी परके.

पोर्ट_८४४८

गप्पा मारणाऱ्या समूहाला मॅट्रिक्स सर्वांत जवळचं वाटेल. तिथे स्पेस म्हणजे डिस्कॉर्डचा सर्व्हर आणि रूम म्हणजे चॅनल असं समजून चालता येतं. लेमीची वर सांगितलेली अडचण इथे त्या रूपात नाही: रूमचा इतिहास सहभागी असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर असतो, एक सर्व्हर पडला तरी बाकीचे बोलत राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मॅट्रिक्स डॉट ऑर्ग हा सर्वांत मोठा सर्व्हर डिस्क बिघडून बंद पडला, ५५ टीबीचा डेटाबेस बॅकअपमधून परत आणायला दिवसाहून जास्त गेला. ज्यांची खाती तिथे होती ते अडकले, इतर सर्व्हरांवरच्या रूम चालू होत्या. हाच धडा धरून सगळ्या सदस्यांना त्या एकाच सर्व्हरवर पाठवू नका, नाहीतर विकेंद्रीकरण नावापुरतंच उरेल.

आता सर्व्हर उभारताना जिथे पाय घसरतो ते.

सर्व्हरचं नाव. सिनॅप्समध्ये (मॅट्रिक्सच्या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये) ते एकदाच ठरतं, प्रत्येक सदस्याच्या ओळखीत ते कोरलं जातं आणि नंतर बदलता येत नाही. चाचणीसाठी 'टेस्ट' नावाने उभा केला आणि तोच पुढे चालू ठेवला, ही सर्रास होणारी चूक आहे. मूळ डोमेन हेच नाव ठेवा आणि सिनॅप्स उपडोमेनवर चालवा. त्यासाठी मूळ डोमेनवर 'वेल-नोन' फोल्डरात दोन छोट्या जेसन फाइली ठेवायच्या, एक इतर सर्व्हरांसाठी, एक अॅपसाठी. पहिली बरोबर असेल तर फेडरेशन ४४३ पोर्टवरूनच चालतं, ८४४८ उघडावा लागत नाही. दुसरीला कॉर्स हेडर (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावरून वाचू देणारी परवानगी) लागतो, तो नसेल तर ब्राउझरमधून लॉगिन होत नाही आणि फोनवरून होतं, मग दोन दिवस चुकीच्या जागी शोध चालतो. मुख्य वेबसाइट नव्याने टाकताना हे फोल्डर पुसलं जाण्याचा प्रकार फार घडतो. फेडरेशन अचानक गेलं तर आधी तिथेच बघा.

डेटाबेस. एसक्यूलाइट फक्त चाखून बघायला. खरा सर्व्हर पोस्टग्रेसवर हवा, आणि डेटाबेस बनवताना लोकेल (अक्षरांच्या क्रमवारीची सेटिंग) 'सी' द्यायचं. नाहीतर सिनॅप्स सुरूच होत नाही.

आकार. दोनशे-तीनशे बोलक्या लोकांसाठी २ कोर, ४ जीबी मेमरी आणि ८० जीबी डिस्क यांवर सुरुवात करा. सर्व्हर झोपतो तो तुमच्या लोकांमुळे क्वचितच. बहुतेक वेळा तुमच्यातला एक जण बाहेरच्या हजारो सदस्यांच्या रूममध्ये शिरतो आणि त्या रूमची सगळी स्थिती तुमच्या डेटाबेसात येऊन बसते. 'स्टेट ग्रुप्स स्टेट' नावाचं टेबल फुगत जातं. ते आवळायचं वेगळं साधन मॅट्रिक्सवाल्यांनीच दिलंय, पण त्याआधी फार गुंतागुंतीच्या रूममध्ये शिरण्यावर मर्यादा घालण्याची सेटिंग आहे, ती चालू करा. बाहेरून आलेल्या चित्रांनाही मुदत घाला, तीस दिवस पुरेत. लागलं की सर्व्हर ते मूळ ठिकाणाहून पुन्हा आणतो. स्वतःच्या सदस्यांच्या चित्रांना मात्र मुदत लावू नका, ती एकमेव प्रत असते.

नोंदणी. खुली ठेवू नका. सिनॅप्समध्ये नोंदणी टोकन बनवता येतात, प्रत्येक किती वेळा वापरायचं ते ठरवता येतं. डिस्कॉर्डवर पिन करायला पन्नास वापरांचं एक टोकन द्या, संपलं की दुसरं. गर्दी हाताबाहेर जात नाही आणि एखादं टोकन भलतीकडे गेलं तर नुकसान पन्नास खात्यांपुरतंच.

एन्क्रिप्शन. जाहीर रूममध्ये लावू नका. एकदा लावलं की त्या रूममध्ये ते काढता येत नाही, नव्याने आलेल्याला जुनं वाचता येत नाही, शोध लंगडा होतो, आणि 'संदेश उलगडता येत नाही' या तक्रारी मॉडरेटरांचा सगळा वेळ खातात. मॉडरेटरांच्या रूमला आणि खाजगी बोलण्याला मात्र हवंच. तिथे प्रत्येकाने रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायची. फोन हरवला आणि की नसेल तर जुने संदेश कुणीही परत देऊ शकत नाही, सर्व्हरचा मालकसुद्धा नाही.

बॅकअप म्हणजे डेटाबेस, मीडियाचं फोल्डर आणि सर्व्हरची सायनिंग की (त्याची ओळख पटवणारी किल्ली), तिन्ही. जुन्या बॅकअपवरून परत उभा करताना एन्क्रिप्शनच्या एकदाच वापरायच्या किल्ल्यांचं टेबल रिकामं करा. ते तसंच ठेवलं तर वापरलेल्या किल्ल्या पुन्हा वाटल्या जातात आणि नवे खाजगी संदेश उलगडेनासे होतात.

जुना_जॅबर

एकट्याच लिनक्सवाल्याच्या खांद्यावर सिनॅप्स टाकण्याआधी एक्सएमपीपीचाही विचार करा. प्रोसोडी किंवा ईजॅबर्ड हा त्याचा सर्व्हर अगदी थोड्या मेमरीत चालतो, कारण इथे खोलीची स्थिती प्रत्येक सर्व्हरवर साठवायची नसते. खोली एका सर्व्हरवर राहते, बाहेरचे लोक आपापल्या खात्यांनी तिथे येतात. पोर्ट ५२२२ सदस्यांसाठी, ५२६९ इतर सर्व्हरांसाठी. याची किंमत म्हणजे तुमचा सर्व्हर बंद तर खोली बंद.

दोन सेटिंग पहिल्याच दिवशी बघा. प्रोसोडीत नवी खोली मुळात तात्पुरती असते, 'पर्सिस्टंट' केली नाही तर सगळे बाहेर पडल्यावर गायब होते. आणि संदेशांचा संग्रह, म्हणजे मॅम, चालू नसेल तर फोन बंद असतानाचं बोलणं सदस्याला दिसत नाही. अँड्रॉइडला कन्व्हर्सेशन्स, आयफोनला मोनल, संगणकावर डिनो किंवा गाजिम. डिस्कॉर्डची सवय असलेल्यांना चॅनलांची रचना, प्रतिक्रिया, थ्रेड हे सगळं थोडं उघडंबोडकं वाटेल, हे मान्य. सांभाळायला सोपं आणि निवांत चालणारं यापेक्षा क्वचितच काही असेल.

दप्तरदार

वरच्या तिघांचं वाचून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत आहेत, गप्पा आणि उत्तरं. डिस्कॉर्डने दोन्हींना एकच भांडं दिलं, म्हणून उत्तरं गप्पांत बुडतात. हलवताना त्यांना वेगळं करा. उत्तरांसाठी डिस्कोर्स किंवा नोडबीबी (दोन्ही चर्चामंचाची सॉफ्टवेअर), गप्पांसाठी मॅट्रिक्स किंवा एक्सएमपीपी.

डिस्कोर्स विकेंद्रित कुठे आहे, असा प्रश्न येईल. तो तुमच्या डोमेनवर चालतो, मुक्त परवान्याचा आहे, आणि अॅडमिन पानावरून एका बटणावर डेटाबेस आणि चित्रांसकट एकच संकुचित फाइल मिळते, ती दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर जशीच्या तशी उभी राहते. डिस्कॉर्डवर तुम्हाला हीच गोष्ट नाकारली होती. वर अॅक्टिव्हिटीपबचं (मॅस्टोडॉन, लेमी यांची आपसांत बोलण्याची भाषा) प्लगइन लावलं की मॅस्टोडॉनवरचे लोक तुमच्या विभागांना तिथूनच फॉलो करतात. नोडबीबीत चौथ्या आवृत्तीपासून हे अंगभूत आहे. जाहीर पानं शोधयंत्रांना दिसतात, म्हणजे तुमचं पहिलं दुखणं थेट इथे बरं होतं.

डिस्कोर्सला किमान १ जीबी मेमरी आणि स्वॅप (मेमरीला पूरक म्हणून राखलेली डिस्कवरची जागा) लागतो. २ जीबी द्या, अपडेटच्या वेळी कमी मेमरीत तो अर्ध्यात अडकतो. खरी अडचण ईमेलची. नोंदणीची खातरजमा ईमेलवर चालते, आणि बहुतेक भाड्याच्या सर्व्हरांवर २५ नंबरचं पोर्ट बंद असतं. ५८७ वरून एखादी मेल सेवा वापरा, डोमेनला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या (मेल खरंच तुमचाच आहे हे दाखवणाऱ्या) तिन्ही नोंदी लावा, आणि पहिल्याच दिवशी हजारो निमंत्रणं सोडू नका. नव्या डोमेनवरून अचानक लोंढा आला की मोठ्या मेल कंपन्या सगळंच स्पॅममध्ये टाकतात, आणि 'मेल आलाच नाही' म्हणून माणूस परत जातो तो कायमचा.

राखणदार

यंत्राबद्दल पुरेसं झालं, मी राखणीबद्दल लिहितो. समूह मोडतो तो बहुतेक वेळा इथे.

मॅट्रिक्सच्या प्रत्येक रूममध्ये अधिकारांचे आकडे असतात: सामान्य ०, मॉडरेटर ५०, अॅडमिन १००. १०० वाला दुसऱ्या १०० वाल्याला खाली आणू शकत नाही, म्हणून हा आकडा खिरापतीसारखा वाटू नका. पण एकालाच देऊनही चालत नाही. किमान दोन अॅडमिन हवेत आणि त्यांची खाती वेगवेगळ्या सर्व्हरांवर हवीत. एकमेव अॅडमिनचा सर्व्हर गेला तर रूम चालू राहते, लोक बोलतात, पण कुणालाही काढता येत नाही. ती रूम स्पॅमवाल्यांना आंदण दिल्यासारखीच. रूमची १२ वी आवृत्ती वापरलीत तर नियम आणखी वेगळा: रूम बनवणाऱ्याचा अधिकार अमर्याद असतो आणि तो कुणीच काढू शकत नाही. म्हणून रूम एखाद्याच्या वैयक्तिक खात्याने न बनवता समूहासाठी राखलेल्या खात्याने बनवा, त्याचा पासवर्ड तिघांपैकी दोघांकडे.

राखणीचा बॉट म्हणून द्रौपनीर लावा. बंदीची यादी तो एका रूममध्ये ठेवतो आणि तुमच्या सगळ्या रूमना लागू करतो, म्हणजे नऊ रूममध्ये नऊदा बंदी घालावी लागत नाही. अख्खा सर्व्हर अडवायचा असेल तर सर्व्हर एसीएल (कुठल्या सर्व्हरना परवानगी आणि कुणाला बंदी याची यादी) असतं. ते हाताने लिहिताना दोनदा वाचा. परवानगीच्या यादीतून स्वतःचाच सर्व्हर निसटला तर तुमची रूम तुमच्याच तोंडावर बंद होते, आणि ते उलटवण्याचा हुकूमही तुमच्या सर्व्हरकडून आता स्वीकारला जात नाही.

लेमी, मॅस्टोडॉन, मॅट्रिक्स तिन्हींत बाहेरच्या सर्व्हरची चित्रं तुमच्या डिस्कवर उतरू शकतात. ऑगस्ट २०२३ मध्ये लेमीच्या मोठ्या सर्व्हरांवर मुलांच्या लैंगिक छळाची चित्रं मुद्दाम टाकली गेली होती. अशा फाइलीचं काय करायचं, कोण काढणार, कुणाला कळवायचं, हे सर्व्हर खुला करण्याआधी लिहून ठेवा. सिनॅप्सच्या अॅडमिन एपीआयमध्ये मीडिया क्वारंटाइन करण्याची सोय आहे, तिघांनाही ती वापरता आली पाहिजे. रात्री दोनला लिनक्सवाला झोपलेला असणारच.

ब्रिजबद्दल. मॉट्रिक्स-डिस्कॉर्ड (mautrix-discord) नावाच्या साधनाने दोन्हीकडचं बोलणं जोडता येतं. यातही बॉटच वापरा, वैयक्तिक टोकन नको. सगळे चॅनल जोडू नका. दोन-तीन गजबजलेले जोडा, तेही सहा ते आठ आठवडे, आणि शेवटची तारीख पहिल्या दिवशीच जाहीर करा. ब्रिज बेमुदत राहिला की हलण्याचं कारणच संपतं. शिवाय स्पॅम एका बाजूने आला की दोन्हीकडे पसरतो, आणि बॉटला संदेश पुसण्याची परवानगी नसेल तर मॅट्रिक्सवर पुसलेलं घाणेरडं चित्र डिस्कॉर्डवर तसंच राहतं. दोन्ही दिशांनी पुसून बघण्याची चाचणी घ्या.

सोल्डरगन

मनापासून आभार, एवढं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. आम्ही डिस्कोर्स आणि मॅट्रिक्स असं ठरवतोय. ६२ चॅनलांचे ९ रूम आणि १४ विभाग झालेत. आता उरलं ते लोक नेण्याचं. एका ठरलेल्या रात्री डिस्कॉर्डला कुलूप लावावं की हळूहळू? आणि शेवटी जुना सर्व्हर पुसून टाकावा का?

राखणदार

एका रात्रीत नको. पण 'हळूहळू'लाही तारखा हव्यात. चौदा विभाग पहिल्या दिवसासाठी जास्त आहेत, पाच उघडा. रिकामे विभाग गर्दीही रिकामी दाखवतात.

माझ्या अंदाजाने बारा आठवडे पुरेत. पहिले दोन आठवडे फक्त सर्वांत जास्त उत्तरं देणारे वीस-पंचवीस जण नेऊन त्यांच्याकडून नव्या जागी लिहून घ्या. प्रश्न विचारणारा उत्तर देणाऱ्याच्या मागे जातो, उलटं होत नाही. तिसऱ्या आठवड्यात घोषणा, टोकन आणि ब्रिज. पाचव्यापासून डिस्कॉर्डवर नवा तांत्रिक प्रश्न आला की मॉडरेटरने तो डिस्कोर्सवर उतरवायचा आणि उत्तराचा दुवा द्यायचा. उत्तर मात्र डिस्कोर्सवरच. दहाव्यात ब्रिज बंद, बाराव्यात सगळे चॅनल फक्त वाचण्यापुरते.

डिस्कॉर्ड तुम्हाला सदस्यांचे ईमेल देत नाही, म्हणजे जो या बारा आठवड्यांत डोकावला नाही त्याला गाठण्याचा दुसरा मार्ग तुमच्याकडे नाही. त्यासाठीच वाचण्यापुरता सर्व्हर किमान वर्षभर तसाच राहू द्या. चारपैकी तीन हजार कदाचित कधीच येणार नाहीत. त्यांतले बरेच आजही नाहीत, आकड्यात तेवढे आहेत. रोजच्या अडीचशेंपैकी किती आले ते मोजा.

दप्तरदार

पुसू नका, याला आणखी एक कारण आहे. तुमच्याकडे खास नावाचा निमंत्रण दुवा असेल तर तो बूस्टच्या (सदस्यांनी पैसे भरून सर्व्हरला दिलेल्या बढतीच्या) तिसऱ्या पातळीवर अवलंबून असतो. लोक निघाले की बूस्ट घटतात, पातळी उतरते, दुवा सुटतो, आणि तेच नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो. सहा वर्षांत तो दुवा व्हिडिओंच्या वर्णनांत, विकींवर, कोड रिपॉझिटरींच्या पहिल्या पानांवर पसरलाय. तिथून येणारा नवखा माणूस मग तुमच्या नावाखाली भलत्याच सर्व्हरमध्ये शिरेल, आणि तिथे त्याला 'पडताळणी करा' म्हणून काय चालवायला लावतील सांगता येत नाही.

म्हणून घोषणेच्या आधीच्या आठवड्यात, बूस्ट शाबूत असताना, ते सगळे दुवे शोधून बदला. डिस्कोर्सचा किंवा मॅट्रिक्सचा थेट पत्ता देऊ नका. स्वतःच्या डोमेनवर 'गप्पा' आणि 'प्रश्न' असे दोन छोटे पत्ते करा आणि तिथून पुढे पाठवा. आज ते डिस्कॉर्डकडे वळवा, तिसऱ्या आठवड्यात नव्या जागेकडे. वळवताना ३०२ (तात्पुरतं वळवणं) वापरा, ३०१ (कायमचं) नको. ३०१ ब्राउझर कायमचं म्हणून लक्षात ठेवतो, मग तुम्ही सर्व्हरवर दिशा बदललीत तरी जुन्या सदस्याचा ब्राउझर तुम्हाला न विचारता त्याला जुन्याच दाराशी नेऊन उभा करतो.